लाभमावशी

भाकरी तव्यावर फुगत होती, पण संजनाचं लक्ष भाकरीकडे नव्हतं. बाहेरच्या खोलीत तिची आई आणि तिची मुलगी यांची एका कपावरून जुंपली होती.

"आजी, ह्यो माझा कप हाय."

"तुजं नाव लिवलंय का त्याच्यावर?"

"लिवलंय. हे बघ, ए. ए फॉर आरोही."

"मंग तर माझाच. अंबाबाईचा पयला अ तोच की गं!"

आरोही हसली आणि कप आजीच्या हातात राहिला. अंबाबाई कधी शाळेत गेली नव्हती, पण भांडणात तिला अक्षर लागलं तर ती कुठूनही पैदा करायची. जितेश, संजनाचा नवरा, सकाळच्या पाळीला खोपोलीला कंपनीत गेला होता. भिसेगावातल्या त्या दोन खोल्यांत आता तिघी बायकाच होत्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दार उघडंच होतं. भिसेगावात कोणी उघड्या दारावर टकटक करत नाही. रस्त्यातूनच हाक मारतात आणि हाक पुरी होण्याआधी उंबऱ्याच्या आत येतात. भाकरी उलटता उलटताच संजनाला कळलं, की हे माणूस इथलं नव्हे. पदराला हात पुसत ती बाहेर आली, तर दारात उमाताई.

उमाताईंची दहिवलीला बालशाळा. बंगल्याच्या खालच्या मजल्यावर तीन वर्ग, भिंतींवर ससे आणि फुलपाखरं. आरोही पहिलीत होती तेव्हा संजना त्या शाळेत नोकरी मागायला गेली होती. तिने लग्नाआधी खालापूरला बालवाडीचा कोर्स केलेला, पहिल्या वर्गात पास झालेली. उमाताईंनी प्रमाणपत्र वाचलं, तिला दोन-चार प्रश्न विचारले आणि गोड हसून म्हणाल्या होत्या, "आधी मदतनीस म्हणून ये. मग बघू." ते 'बघू' आरोही अकरावीला जाईपर्यंत चाललं होतं. मुलांची नाकं पुसणं, शू झाली तर चड्डी बदलणं, बुटांचे बंद बांधणं, डब्यातली पोळी मोडून देणं ही संजनाची कामं. शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. बायका असोत की मुलं, सगळ्यांची मावशी.

आज पहिल्यांदाच उमाताई तिच्या दारात आल्या होत्या.

"आत या ना, ताई."

"नको गं, घाई आहे. सारिका टीचरने नोकरी सोडली. काल नुसता मेसेज टाकला, बघ. आणि सोमवारपासून आपला समुद्र-महोत्सव. पालकांना सगळं कळवून झालंय. आता माणूस कुठून आणू मी?"

आत तव्यावर भाकरी होती, तरी संजना जागची हलली नाही.

"छोटा गट तू घे. अक्षरं, अंक, सगळं समुद्राच्या थीमवर. प्रिंटा काढून ठेवल्यात मी. शेवटी पालकदिन आहे. तो नीट पार पडला ना, तर जूनपासून वर्ग तुझा. मुलं तुला टीचर म्हणतील." उमाताईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "फक्त भाषा सांभाळ हं. ते हाय-नाय वर्गात नको. पालक ऐकतात."

उमाताई गेल्या. अंबाबाई कप घेऊन दाराशी आली आणि वळणावरून जाणारी स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"चपला काडल्या नायत तिनं."

"घाई होती गं त्यांना."

"चपला काडायला किती येळ लागतो?"

संजनाने ऐकलं नाही. आत भाकरी करपली होती. तिने ती तशीच काढली आणि पुढची थापायला घेतली. हात थापत होते आणि ओठ पुटपुटत होते, "आहे. नाही. आम्ही. तुम्ही."

आरोहीने ते बरोबर हेरलं. त्या दिवसापासून घरात आरोही टीचर झाली. आई पाणी तापलं का म्हणून विचारायला गेली, की ही म्हणायची, "पानी नाय, पाणी. ण, आई, ण. जीभ वर लाव." संजना जीभ वर लावायची. अंबाबाई पदर तोंडावर धरून हसायची, "बग बग, मेलीची जीब टाळूला चिकटंल. मंग मास्तरीन मुकी व्हनार!" थट्टेथट्टेत संजनाची जीभ खरंच वळली. वर्गात तर ती इतकं जपून बोलायची, की मुलंसुद्धा तिच्याकडे टक लावून बघायची.

प्रिंटांवर व्हेल होता, डॉल्फिन होता, इंग्रजी अक्षरांचे समुद्रघोडे होते. संजनाने त्या भिंतीला लावल्या आणि मग आपल्या पद्धतीने सुरुवात केली. समुद्र तिने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नाच्या वर्षी, अलिबागला. पण मुलांचं तिला कळत होतं. निळं पाणी घातलेली वाळू तिने परातीत पसरली. वाळू उल्हास नदीची, पण मुलांसाठी ती समुद्राची. त्या ओल्या वाळूत बोटाने श काढायचा. श शिंपल्याचा. बोटाने खोल गिरवला, की गिरवलेल्या घळीत पाणी येऊन भरायचं आणि अक्षर चमकायचं. ते पाणी बघायला मिळावं म्हणून मुलं पुन्हा पुन्हा श काढायची. ख खेकड्याचा, म माशाचा, ल लाटेचा. पुठ्ठ्याचे मासे कापून प्रत्येकाच्या पोटावर तिने एक अक्षर लिहिलं, तोंडाला टाचणी लावली. काठीला दोरा, दोऱ्याला लोहचुंबक. मासा गळाला लागला, की त्याच्या पोटातलं अक्षर मोठ्याने म्हणायचं. चुकलं तर मासा परत पाण्यात.

उमाताईंची नात तनया याच वर्गात होती. तिला च काही केल्या लक्षात राहत नव्हता. संजनाने तिच्यापुरता एक मोठा मासा केला, पिवळा, त्याच्यावर च. तनयाने तो पकडला, अक्षर चुकली, मासा परत पाण्यात गेला. पुन्हा पकडला, पुन्हा चुकली. मग एके दिवशी ती सबंध वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली, "च! छंजना टीचर, च!"

टीचर. संजनाने तिला उचललंच.

अंकांसाठी संजनाला फार विचार करावा लागला नाही. तिची आई चौक गावच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पुढ्यात गोणपाट, त्यावर जवळ्याचे, बोंबलाचे वाटे. वाटा म्हणजे सारखे केलेले छोटे ढीग. जे एकाला तेच दुसऱ्याला. लहानपणी शाळा सुटली, की संजना तिथेच बसून वाटे लावायची. तोच खेळ तिने वर्गात आणला. वर्तमानपत्र अंथरायचं, वर कागदी मासे ओतायचे आणि सारखे वाटे करायचे. एकाला जास्त गेला, की दुसरा लगेच रडायचा आणि त्या रडण्यातून वजाबाकी शिकून व्हायची.

या खेळातच तो शब्द तिच्या तोंडून निसटला.

त्या दिवशी मुलं रंगात आली होती. शौनक नावाचा एक गुबगुबीत मुलगा गिऱ्हाईक झाला होता, पाकीट म्हणून त्याने रुमाल घडी करून आणला होता. संजना टोपलीतून मासे काढून त्याच्या पुढ्यात टाकू लागली आणि हात चालू झाला तशी जीभही चालू झाली, आईची चालायची तशी.

"लाभ... दोन... तीन... चार..."

"टीचर, लाभ म्हणजे?" शौनकने विचारलं.

संजना थबकली. पण मुलाने विचारलं तर सांगायचं, एवढंच तिला येत होतं. "म्हणजे पहिला, बाळा. बाजारात पहिल्याला एक नाही म्हणत. लाभ म्हणतात. पहिला मासा देवाचा. देवाला एक, एकटा, असं म्हणू नये. तसं म्हटलं तर माल पण एकटाच पडून राहतो."

मुलांना तो शब्द इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग लाभानेच मोजत होता. पायऱ्या लाभ, दोन, तीन. डब्यातली बिस्किटं लाभ, दोन. भिंतीवरच्या ऑक्टोपसचे पाय लाभ, दोन, तीन.

संजनाला तेव्हाच चाहूल लागली. "एक म्हणा, राजांनो. शाळेत एक म्हणायचं. लाभ फक्त खेळात." मुलं माना डोलवायची आणि पुन्हा लाभ म्हणायची. पालकदिनाच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांना ओळीत बसवून एक-दोन-तीन घोकून घेतलं. घोकताना एकही मूल चुकलं नाही. ती निर्धास्त झाली.

पालकदिनाला बंगल्याच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता. सगळ्या जमिनीवर निळं कापड, त्यावर मुलांनी केलेले मासे, खेकडे, शिंपले. संजनाने नवी साडी नेसली होती आणि ती 'आहे' म्हणत होती, 'नाही' म्हणत होती, 'आपण' म्हणत होती. मुलांनी ओल्या वाळूत अक्षरं काढली. पालक मोबाइल घेऊन पुढे सरसावले. कोणी तरी म्हणालं, "सारिका टीचरपेक्षा छान घेतलंय हो." ते वाक्य संजनाला ऐकू आलं. उमाताईंनाही आलं. त्यांनी लांबून मान हलवली.

मग उमाताईंचे यजमान हेमचंद्र उठले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कर्जतच्या जुन्या घराण्यातला, चार माणसं जमली की हशा पिकवणारा. त्यांनी टोपलीतले मासे हातात घेतले आणि मुलांसमोर उभे राहिले.

"हं, सांगा बरं, आजोबांकडे किती मासे आहेत? मोजा."

एक मासा वर गेला.

"लाभ!" सगळा वर्ग ओरडला. "दोन! तीन! चार!"

हेमचंद्र थांबले. भुवया वर गेल्या. हातातले मासे परत टोपलीत टाकून त्यांनी पुन्हा पहिला उचलला. "परत."

"लाभ!"

"अरे, एक कुठे गेला?"

"एक म्हनत नाय!" शौनक म्हणाला. हाय-नाय न बोलण्याची सगळी कसरत ज्यांच्यासाठी केली, त्यांनीच ते कुठून उचललं, कोण जाणे. मुलांना जपून बोललेलं कमी आणि निसटून गेलेलं जास्त ऐकू येतं.

मांडवात हशा फुटला. एक पालक हसत हसत शेजारच्याला म्हणाला, "आपण बालशाळेत घातलंय की मासळीबाजारात?" शेजारचा म्हणाला, "बाजारात निदान ताजं मिळतं." ते संजनाला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने बोलले होते.

पण हेमचंद्र हसले नाहीत. ते जाणकारासारखे पालकांकडे वळले. "हसू नका. याला मोठा इतिहास आहे. आमच्या आजोबांच्या खळ्यावर भात मोजायला माणसं यायची ना, ती असंच मोजायची. लाभ, दोन, तीन. बिचाऱ्यांना एक म्हणायची भीती. अडाणी, पण इमानी हो! त्यांचीच नातवंडं आज आपल्या मुलांना शिकवताहेत. प्रगती म्हणायची, दुसरं काय!"

टाळ्या पडल्या. उमाताईंनीही वाजवल्या. संजना निळ्या कापडाच्या कडेला उभी होती. काय करावं ते न सुचून तीही टाळ्या वाजवायला लागली, आणि दोन-तीन वाजवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कशासाठी वाजवतोय.

तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळच्या आत फिरला. आरोहीला तो मैत्रिणीकडून मिळाला. तिने आजीला दाखवला आणि अंबाबाईने तो पुन्हा लावायला सांगितला.

"मंग काय चुकलं?" अंबाबाई म्हणाली. "बरोबर तर मोजलं पोरांनी."

संजना ताटं मांडत होती. तिने हातातलं ताट जमिनीवर आपटलं.

"तुझं बरोबर! तुझ्यामुळं झालं हे सगळं! जनमभर गोनपाटावर बसलीस आनि मला बी बसवलंस. शाळेत गेले तरी तुझा बाजार काय माझ्या तोंडातून जात नाय!"

अंबाबाईने ते ताट उचललं, त्याला पोचा आला होता, तो अंगठ्याने दाबून बघितला आणि त्यातच वाढून घेतलं.

तरीसुद्धा संजनाला वाटत होतं, हसण्यावारी जाईल. वर्ग अजून तिच्याकडेच होता. उमाताई काही बोलल्या नव्हत्या. पण त्याच आठवड्यात तनयाला पनवेलच्या एका मोठ्या शाळेत प्रवेशासाठी नेलं. तिथल्या बाईंच्या टेबलावर माशांची काचेची पेटी होती. बाईंनी प्रेमाने विचारलं, "काउंट द फिश, बेटा." तनयाला आनंद झाला. मासे तर तिचेच. ती उठून काचेजवळ गेली आणि बोट लावून मोजायला लागली, "लाभ, टू, थ्री, फोर."

"व्हॉट इज लाभ?"

"देवाचा," तनया म्हणाली.

नाव प्रतीक्षायादीत गेलं. जागा किती होत्या आणि मुलं किती आली होती, हा हिशेब उमाताईंच्या घरात कोणी केला नाही. लाभ मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी उमाताईंनी संजनाला बोलावलं. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "संजना, तुझा दोष नाही गं. दोष माझा. माणसाला झेपेल तेवढंच द्यावं." नेरळहून किरण नावाची नवी टीचर येणार होती, नुकतीच कोर्स झालेली. "तू वर्गातच राहा. मुलांना तुझी सवय आहे. तुझं ते नेहमीचं काम बघ."

संजनाने जून कधी, असं विचारलं नाही.

किरण टीचर वाईट मुलगी नव्हती. संजनाला ती वाकून नमस्कार करायची, डब्यातलं द्यायची. पण उमाताईंनी तिला पहिलं काम दिलं होतं ते लाभ घालवण्याचं आणि काही केल्या तो जात नव्हता. दटावून झालं, चॉकलेट देऊन झालं. मग किरणला एक युक्ती सुचली. उमाताईंना ती फार आवडली.

"मावशी, तुम्ही इकडे पुढे उभ्या राहा ना. ही टोपली घ्या. तुम्ही मोजायचं, तुमच्या पद्धतीनं. आणि मुलं तुमची चूक काढणार."

"मी?" संजना म्हणाली.

"खेळच आहे हो. मुलांना चूक काढायला फार आवडतं. पटकन शिकतात."

संजना टोपली घेऊन मुलांसमोर उभी राहिली. टोपलीत तिनेच कापलेले मासे होते. तिने पहिला वर धरला.

"लाभ," ती म्हणाली.

मुलं तिच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांना यात काही चूक दिसली नाही.

"चूक का बरोबर?" किरण टीचरने विचारलं.

"बरोबर!"

"नाही, नाही. चूक! मावशी चुकली. मावशी चुकली की काय म्हणायचं? चूक! एक! परत. मावशी, परत."

"लाभ."

"चूक! एक!" दोन-तीन मुलं म्हणाली. शौनक मोठ्याने म्हणाला. मग बाकीची. मग एकदम सगळी, बाकावर हात आपटत, तोंडं लाल होईपर्यंत. "चूक! चूक! एक! एक!"

रोज सकाळी प्रार्थनेनंतर हा खेळ असायचा. मुलं त्याची वाट बघायची. सुरुवातीला तनया गप्प बसायची. एकदा तर ती हळूच म्हणाली, "टीचर बरोबर आहे," आणि किरणने तिला जवळ घेऊन समजावलं, की टीचर मी आहे, ती मावशी आहे आणि मावशी बरोबर नाही. मग तीही ओरडायला शिकली. तिचा आवाज बारीक होता, सगळ्यांच्या वर ऐकू यायचा.

एके दिवशी संजनाने, कंटाळून म्हणा किंवा मन घट्ट करून म्हणा, पहिला मासा वर धरून स्वच्छ म्हटलं, "एक."

वर्ग क्षणभर गोंधळला. मग सवयीने सगळी ओरडली, "चूक!"

किरणला हसू आवरेना. "मावशी, असं नका हो करू. खेळ बिघडतो."

लाभ वर्गातून गेला. युक्ती लागू पडली होती, हे खरंच होतं. पण तो शब्द जाता जाता संजनाला चिकटून बसला. आधी शौनकने म्हटलं, मग सगळ्यांनी. लाभमावशी, मला शू आली. लाभमावशी, माझं नाक. न्यायला आलेल्या आया फाटकातूनच हाका मारायच्या, "ओ लाभमावशी, आमच्या बाळाला आणा जरा." हेमचंद्र गॅलरीत पेपर वाचत बसलेले असत. ते वरून म्हणायचे, "काय लाभबाई, आज काय भाव?" आणि स्वतःच हसायचे. शाळेत नव्याने आलेल्या एका मुलाच्या वडिलांना तर ते तिचं आडनावच वाटलं होतं. त्यांनी नम्रपणे विचारलं, "मॅडम लाभ तुम्हीच का?"

तनया बूट पुढे करायची. "लाभमावशी, बंद."

संजना खाली बसून बंद बांधायची. बांधताना तनया तिच्या डोक्यावर हात टेकायची, तोल जाऊ नये म्हणून. पूर्वीही टेकायची.

आरोही घरी रोज म्हणायची, "सोड ती शाळा. कंपनीत पॅकिंगला जा, पप्पा विचारतील."

"तिथं पोरं नायत," संजना म्हणायची. घरात ती आता जीभ वर लावत नव्हती आणि आरोहीही तिला टोकत नव्हती.

गॅदरिंग जवळ आलं तेव्हा उमाताईंनी तिला सुट्टीनंतर थांबवलं. टेबलावर चहा ठेवला, बिस्किटं ठेवली. हे सहसा होत नसे. किरण टीचर शेजारी बसली होती आणि तनया खुर्चीवर उभी राहून आजीच्या गळ्यात हात टाकून डोलत होती.

"अगं, एक गंमत बसवतोय आपण," उमाताई म्हणाल्या. "छोटंसं नाटुकलं. मासळीबाजार. समुद्राची थीम मुलांच्या अजून डोक्यात आहे ना, तर ती वाया का घालवायची? एक मासेवाली मावशी असते आणि ती सारखी चुकीचं मोजते, आणि हुशार मुलं तिला मोजायला शिकवतात. शेवटी ती पण एक म्हणते. किती गोड शेवट! यांनीच लिहिलंय. नाव ठेवलंय 'लाभमावशी'."

"आणि मावशी मी!" तनया म्हणाली. ती खुर्चीवरून उडी मारून खाली आली, कमरेवर हात ठेवला, मान वेडीवाकडी केली आणि नाकात म्हणाली, "ताजं हाय गो, ताजं! लाभ, दोन, तीन! एक म्हनत नाय मी!"

किरण टीचरने टाळी दिली. उमाताईंनी डोळ्यांतलं हसण्याचं पाणी टिपलं.

"बघितलंस? नक्कल इतकी हुबेहूब करते. पण अजून ते जमत नाही गं तिला, ते खरं नाही वाटत. म्हणून म्हटलं, तूच बसव. टोपली कमरेवर कशी घेतात, वाटे कसे लावतात. आणि ते हाय-नाय तिला नीट शिकव. आमच्या घरात कोणी तसं बोलत नाही, तर पोरीला येणार कुठून? तुझ्या आईचं एखादं जुनं लुगडं असेल ना? ते छोटं करून नेसवू. कडेला जरा मळलेलं असलं तरी चालेल. उलट छानच."

संजना चहाकडे बघत होती. वर साय धरली होती.

"आणि पहिल्या रांगेत बस हं तू त्या दिवशी. सगळे तुझ्याकडे बघतील. अभिमान वाटेल तुला."

"वाईट नाही ना वाटलं, मावशी?" किरण टीचरने विचारलं. "स्पोर्टिंगली घ्या."

संजनाने मान हलवली. नाही अशी की हो अशी, ते कोणाला कळलं नाही आणि कोणी विचारलं नाही. तिने तनयाला जवळ ओढलं. पोरीचा हात कमरेवर फार वर होता. टोपली तिथे राहिलीच नसती. तिने तो मनगटाला धरून खाली आणला, बोटं बाहेरच्या बाजूला वळवली आणि कोपर मागे सारलं.

"आशी," ती म्हणाली. "हितं धरायची. न्हायतर पडतीया."

"आशी," तनया म्हणाली, अगदी तशीच.

"अय्या, किती छान!" उमाताई म्हणाल्या. "बघ, तुझ्याशिवाय जमलं असतं का? मग ठरलं तर."

संजना उठून उभी राहिली. तिने पदर सारखा केला. टीचर ती या जन्मात होणार नव्हती, ते तिला केव्हाच कळलं होतं. ती ते मागायला उभी राहिली नव्हती. इतके दिवस घोकलेलं 'आहे', 'नाही', 'आम्ही', 'तुम्ही' यांतलं काही तिने शोधलं नाही. आईच्या घरात बोलायची तशी बोलली.

"ताई, लुगडं देते मी. टोपली बी देते. पोरीला सगळं शिकवते. तेवढं नाव बदला नाटकाचं आनि पोरांना सांगा, लाभमावशी म्हनू नका. नुसतं मावशी म्हना."